सोनेरी छप्पर आणि रिकामी समाधी

युरोपच्या सहलीचं कुठलंही माहितीपत्रक उघडा. पंधरा दिवस, आठ-दहा देश. त्यात कुठल्या तरी दिवसाच्या रकान्यात एक ओळ हमखास सापडते : सकाळी इन्सब्रुककडे प्रयाण, गोल्डन रूफ पाहून, क्रिस्टल म्युझियम करून पुढे स्वित्झर्लंडकडे. यातलं ‘करून’ हे क्रियापद पाहण्यासारखं आहे. आपण काशी करतो, रामेश्वर करतो, तसा युरोपही करतो. बस थांबते, मंडळी पायउतार होतात, टूर मॅनेजर छत्री उंच धरून पुढे चालतो. दहा मिनिटांत सोनेरी छप्पर येतं. फोटो होतात. कुणी फ्रिजला लावायची चुंबकं घेतं, कुणी स्वच्छतागृह शोधतं, आणि दीड-दोन तासांत सगळे पुन्हा आपापल्या सीटवर असतात.

अशा सहलींची मी चेष्टा करणार नाही. साठी-सत्तरीत पहिला पासपोर्ट काढलेल्या कितीतरी आयांनी, मावश्यांनी त्यांच्या आधारानं जग पाहिलं आहे. भाषेची अडचण नाही, रात्री वरण-भात मिळतो आणि सामान हरवलं तर ओरडायला आपला माणूस असतो. या गोष्टी लहान नाहीत. पण इन्सब्रुकच्या बाबतीत या दीड तासाचा हिशेब मला जुळत नाही. आयुष्याची तीसेक वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हिशेब जुळला नाही की झोप येत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

इन्सब्रुक हे ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताच्या राजधानीचं गाव. गावच म्हणायचं, कारण वस्ती साधारण एक लाख तीस हजार. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं ठिकाणही याहून मोठं भरेल. पण हे ठिकाण आल्प्सच्या मधोमध, जर्मनीकडून इटलीत उतरणाऱ्या जुन्या वाटेवर बसलेलं. इन नदीवरचा पूल, म्हणून इन्सब्रुक. उत्तर-दक्षिण जाणारा व्यापारी, सैन्य, यात्रेकरू, सगळ्यांना इथूनच पुढे ब्रेन्नर खिंड गाठायची. जिथे रस्ता एकच, तिथे जकात आली. जिथे जकात आली, तिथे राजा आला. आणि राजा आला की उधारीही आली. इन्सब्रुकची सगळी गोष्ट या तीन वाक्यांत आहे. ती दिसायला मात्र तीन दिवस लागतात.

बेत असा आखा

आम्ही २०२३च्या सप्टेंबरअखेर तिथे चार रात्री राहिलो. आम्ही म्हणजे मी, माझी पत्नी आणि वहिनी. वहिनी या माझ्या बँकेतल्या मित्राच्या पत्नी. तो आणि मी एकाच वर्षी नोकरीला लागलो, एकाच शाखेत कॅशियरच्या पिंजऱ्यात शेजारी शेजारी बसलो. निवृत्तीनंतर चौघांनी आल्प्समध्ये जायचं हा आमचा जुना बेत. बँकेकडून दरवर्षी मिळणाऱ्या डायऱ्यांपैकी एक त्यानं या बेतासाठी राखून ठेवली होती. गाड्यांच्या वेळा, अंतरं, कुठे काय पाहायचं, सगळं त्याच्या टपोऱ्या अक्षरात. २०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तो गेला. दोन वर्षांनी वहिनींनीच विषय काढला. म्हणाल्या, “भाऊजी, डायरी नुसती पडून आहे. जायचं का आपण?” इन्सब्रुकच्या पानावर त्यानं फारसं लिहिलंच नव्हतं. फक्त एवढंच : तीन दिवस, घाई नको.

तेव्हा ज्यांना स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या हिशेबानं जायचं आहे, त्यांच्यासाठी आधी व्यवहाराच्या चार गोष्टी.

ऑस्ट्रियासाठी शेंगेन व्हिसा लागतो. एकाहून अधिक देश पाहणार असाल, तर ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री समसमान असतील तर ज्या देशात आधी उतरणार, त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीसाठी जी झुंबड उडते, ती पाहता दोन-तीन महिन्यांचा वेळ हाताशी ठेवलेला बरा. किमान तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास-विमा सक्तीचा आहे. आमच्या वयात तो सक्तीचा नसता तरी घ्यावा.

पोचायचं कसं? म्युनिकला उतरून रेल्वेनं गेलात तर दोन तासांच्या आत इन्सब्रुक. साल्झबुर्गहूनही जवळपास तेवढाच वेळ. झुरिकहून किंवा इटलीतल्या वेरोनाहून सुमारे साडेतीन तास. वेरोनाची गाडी ब्रेन्नर खिंड ओलांडून येते. हा लोहमार्ग १८६७ सालचा, म्हणजे आपल्या बोरघाटातून गाडी धावू लागली त्यानंतर चारच वर्षांनी झालेला. खिडकीजवळची जागा मिळवा आणि पुस्तक पिशवीतच राहू द्या.

कधी जायचं? हिंडण्यासाठी जून ते सप्टेंबर. बर्फाची हौस असेल तर जानेवारी-फेब्रुवारी. डिसेंबरात नाताळचे बाजार भरतात, गर्दीही भरते. वसंतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास डोंगरावरच्या केबल कार देखभालीसाठी काही दिवस बंद ठेवतात. आम्ब्रासचा किल्ला तर नोव्हेंबरभर बंद असतो. तारखा ठरवण्याआधी हे बघून घ्या.

चोवीस, अठ्ठेचाळीस आणि बहात्तर तासांचं ‘इन्सब्रुक कार्ड’ मिळतं. त्यात संग्रहालयं, केबल कारची एकेक फेरी, गावातल्या बस आणि ट्राम येतात. पहिल्यांदा वापरलं की त्याचं घड्याळ सुरू होतं. बँकवाल्याचा सल्ला असा, की घेण्याआधी कागदावर बेरीज करा. डोंगर, होफकिर्खे हे चर्च आणि आम्ब्रास, तिन्ही पाहणार असाल तर कार्ड परवडतं. नुसतं गल्ल्यांतून हिंडायचं असेल तर नाही. गल्ल्यांना तिकीट नाही. आणि एक, तिथे रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारीच दूध-पाव-फळं घेऊन ठेवा.

छप्पर कुणाच्या पैशाचं?

जुन्या गावात शिरलं की पाय आपोआप सोनेरी छपराकडे वळतात. गोल्डनेस डाख्ल असं त्याचं तिथलं नाव. अपेक्षा मोठी असेल तर पहिल्या नजरेला ते लहान वाटेल. आख्ख्या इमारतीचं छप्पर नव्हे, एका सज्जावरचं ते छत आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या २६५७ कौलांचं. १५०० साली ते पुरं झालं. खालच्या चौकात घोडेस्वारांच्या झुंजी आणि खेळ चालत, ते पाहायला राजानं बसायची ही जागा.

गावात एक दंतकथा सांगतात. टिरोलचा फ्रीडरिश नावाचा सरदार होता, त्याला लोक ‘रिकाम्या खिशाचा’ म्हणत. त्या टोमण्याला उत्तर म्हणून त्यानं घराला सोन्याचं छप्पर घातलं! गोष्ट गोड आहे, पण तारखा जुळत नाहीत. फ्रीडरिशनं १४२० साली राजधानी इन्सब्रुकला आणली हे खरं. पण तो १४३९ साली वारला, छप्पर त्यानंतर साठ वर्षांनी झालं. ते बांधवलं सम्राट मॅक्सिमिलियननं.

आता पैशाचं. इन्सब्रुकच्या पूर्वेला तीसेक किलोमीटरवर श्वात्स नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगरात चांदी होती आणि पंधराव्या शतकात ती मुबलक निघत होती. वाटेत हाल हे गाव लागतं. तिथे टांकसाळ होती. फ्रीडरिशचा मुलगा सिगिस्मुंड यानं १४८६ साली या टांकसाळीतून चांदीचं एक मोठं नाणं पाडलं, सोन्याच्या एका गुल्डनच्या मोलाचं. पुढे बोहेमियात तशाच मोठ्या नाण्यांना ‘थालर’ नाव पडलं, आणि थालरचा डॉलर झाला. म्हणजे आज जगभरच्या बँका ज्याच्या भावाकडे डोळे लावून बसतात, त्या डॉलरच्या घराण्याचा मूळपुरुष या लहानशा गावातला. हालच्या हासेग किल्ल्यात टांकसाळीचं संग्रहालय आहे. श्वात्सच्या खाणीत आजही छोट्या गाडीत बसवून आत नेतात. अर्धा-अर्धा दिवस पुरतो. आमच्या घरच्या मंडळींना टांकसाळीत फारसा रस नव्हता, पण मला तिथून ओढून बाहेर काढावं लागलं.

एवढी चांदी घरात असून सिगिस्मुंडचे हात सदैव रिकामे. खर्च दांडगा, लढाया महागड्या. आउग्सबुर्गच्या याकोब फुगर या सावकारानं त्याला कर्ज दिलं आणि तारण म्हणून श्वात्सची चांदीच लिहून घेतली. ती बाजारभावाहून स्वस्तात उचलायची आणि विकून नफा करायचा. १४९० साली टिरोल मॅक्सिमिलियनकडे आलं, ते या कर्जाच्या सवयीसकट. त्यानं मिलानच्या बियांका मारिया स्फोर्झाशी लग्न केलं, तिनं चार लाख डुकाट हुंडा आणला. तोही पुरला नाही. सोनेरी छपराखालच्या शिल्पांत मॅक्सिमिलियन आपल्या दोन्ही बायकांसह बसलेला आहे. एक तरुणपणी घोड्यावरून पडून गेलेली मेरी, आणि दुसरी ही बियांका.

बँकेत आम्हांला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवली होती. अर्जदाराच्या गाडीकडे पाहू नका, ताळेबंदाकडे पाहा. सोनेरी छपराखाली उभा राहिलो आणि मला तीच आठवली. सोनं वरवर मुलाम्याएवढं, खाली तांबं, आणि तारणात डोंगर. पत टिकवायची तर झळाळी दाखवावी लागते, हे पाचशे वर्षांपूर्वीच्या राजालाही ठाऊक होतं.

याच छपरापुढे २५ फेब्रुवारी १५३६ रोजी याकोब हुटर नावाच्या धर्मोपदेशकाला जिवंत जाळलं. प्रौढपणी, समजून-उमजून बाप्तिस्मा घ्यावा असं मानणाऱ्या पंथाचा तो पुढारी. राज्यकर्त्यांना तो मंजूर नव्हता. भिंतीवर त्याच्या नावाची पाटी आहे. फोटो काढणाऱ्यांची पाठ बहुधा तिच्याकडे असते.

सम्राट बाहेर, सराईवाला आत

छपरापासून पाच मिनिटांवर होफकिर्खे, म्हणजे दरबारी चर्च. इन्सब्रुकमध्ये एकच ठिकाण पाहायला वेळ असेल, तर हे पाहा.

आत अंधुक उजेडात मधोमध संगमरवरी समाधी. वर गुडघे टेकून प्रार्थना करणारा मॅक्सिमिलियन, चारी बाजूंना त्याच्या पराक्रमाचे चोवीस शिल्पपट. आणि दोन्ही अंगांना रांगेत उभे असलेले ब्राँझचे अठ्ठावीस पुतळे, माणसाहून मोठे, काळेभोर. हे त्याचे पूर्वज, नातेवाईक आणि त्यानं पूर्वज म्हणून मानलेले वीर. यात इंग्रजांचा दंतकथेतला राजा आर्थरसुद्धा आहे, आणि त्याचा आराखडा थोर चित्रकार ड्यूररचा. गावकरी यांना ‘काळे बुवा’ अशा अर्थाच्या नावानं ओळखतात, जरी त्यांत बायकाही आहेत. मूळ बेत चाळीस पुतळ्यांचा होता. पैसा आणि आयुष्य, दोन्ही कमी पडलं. मॅक्सिमिलियनच्या मागे त्याचा नातू फर्डिनांड यानं चर्च बांधलं आणि काम पुरं व्हायला एकंदर ऐंशीएक वर्षं लागली.

एवढा शोक करायला अठ्ठावीस माणसं उभी, पण समाधी रिकामी आहे. मॅक्सिमिलियन तिथे नाही.

त्याची हकीकत अशी सांगतात. १५१८ सालच्या अखेरीस आजारी सम्राट आउग्सबुर्गहून इन्सब्रुकला आला. बरोबर मोठा लवाजमा. पण गावातल्या सराईवाल्यांनी हात जोडले. मागच्या मुक्कामाची बिलं थकलेली होती, ती चुकती झाल्याशिवाय महाराजांच्या माणसांना आणि घोड्यांना जागा मिळणार नाही! ज्या गावाला त्यानं राजधानीचा थाट दिला, त्या गावात त्याच्या माणसांना उधारीवर एक रात्र मिळेना. तो पुढे निघाला. गेली काही वर्षं तो आपली शवपेटीही बरोबर घेऊन फिरत असे. १२ जानेवारी १५१९ रोजी वेल्स या गावी त्याला मरण आलं. दफन झालं दूर वीनर नॉयश्टाटला, जिथे तो जन्मला होता तिथे.

मग या चर्चमध्ये आहे तरी कोण? तिथेच आंद्रेआस होफरचं थडगं आहे. १८०९ साली नेपोलियनच्या आणि त्याच्या बव्हेरियन दोस्तांच्या विरुद्ध टिरोलचे शेतकरी उठले, त्यांचा हा पुढारी. गावाच्या दक्षिणेला बेर्गिझेल टेकडीवर त्यानं लढाया जिंकल्या, काही आठवडे राजवाड्यातून कारभारही पाहिला. मग राजकारण फिरलं, तो पकडला गेला आणि २० फेब्रुवारी १८१० रोजी मांतुआला त्याला गोळ्या घातल्या. १८२३ साली त्याच्या अस्थी इथे आणल्या. हा होफर पेशानं कोण होता? सराईवाला!

आणखी एक थडगं शेजारच्या ‘चांदीच्या’ प्रार्थनागृहात. फिलिपिने वेल्झर हिचं. आउग्सबुर्गच्या सावकारी करणाऱ्या घराण्यातली मुलगी. दुसऱ्या फर्डिनांड नावाच्या राजपुत्रानं तिच्याशी १५५७ साली गुपचूप लग्न केलं, कारण घराण्याला सामान्यांची सून चालणार नव्हती. त्यानं तिच्यासाठी आम्ब्रासचा किल्ला सजवला. गावाबाहेरच्या टेकडीवरचा हा किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. त्रेचाळीस मीटर लांबीचा स्पॅनिश हॉल, राजपुत्राचा अजबखाना आणि मागची बाग यांत अर्धा दिवस सहज जातो.

मी चर्चच्या बाकावर बसून दोघींना हे सगळं सांगितलं. वहिनी ऐकत होत्या. आयुष्यभर बँकवाल्याचा संसार केलेली बाई. म्हणाल्या, “म्हणजे थकबाकीदार बाहेर, आणि सराईवाला नि सावकाराची लेक आत. बरोबर झालं की मग खातं!” मागच्या बाकावरच्या जर्मन आजोबांनी आमच्या हसण्याकडे नापसंतीनं पाहिलं.

चर्चमधून बाहेर पडून मारिया-थेरेसिया रस्त्यानं दक्षिणेला चालत गेलं की टोकाशी एक कमान लागते. १७६५ साली सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या मुलाचं, लिओपोल्डचं, लग्न इन्सब्रुकमध्ये झालं, त्याची ही कमान. लग्न ५ ऑगस्टला झालं. सोहळे चालू असतानाच १८ ऑगस्टला नवऱ्या मुलाचे वडील, सम्राट फ्रान्झ, अचानक वारले. मारिया थेरेसानं कमानीच्या दक्षिण बाजूला लग्नाचा आनंद कोरवला आणि उत्तर बाजूला नवऱ्याच्या मृत्यूचा शोक. त्यानंतर पंधरा वर्षं ती जगली आणि राज्य केलं, पण काळे कपडे उतरवले नाहीत.

गावाकडून जाताना शोकाची बाजू आधी दिसते. वहिनी त्या बाजूला बराच वेळ उभ्या राहिल्या. मग कमानीखालून पलीकडे गेल्या, ती बाजूही नीट पाहिली आणि परत आल्या. “बाईंनी कमान पाडली नाही, हे चांगलं केलं,” एवढंच म्हणाल्या.

डोंगर, गुडघे आणि वारा

गावाच्या उत्तरेला नॉर्डकेटे ही डोंगररांग भिंतीसारखी उभी आहे. रस्त्याच्या शेवटी अचानक कडा दिसतो. आणि गंमत अशी, की गावातूनच वर जाता येतं. राजवाड्याजवळ जमिनीखालून सुटणारी रेल्वे हुंगरबुर्गला नेते. २००७ साली झालेल्या या मार्गाची स्टेशनं इराकमध्ये जन्मलेल्या ब्रिटिश वास्तुरचनाकार झाहा हदीद यांची. हिमनदीवरचा बर्फ वितळता वितळता थिजावा तशी त्यांची काचेची छपरं. सोनेरी छपरानंतर पाचशे वर्षांनी गावाला पुन्हा छपराचीच हौस आली. हुंगरबुर्गहून केबल कारनं झेगृबे, उंची १९०५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्याहून उंच. पुढचा टप्पा हाफेलेकार. तिथे स्टेशनपासून थोडं चढलं की २३३४ मीटरचा माथा.

इथे वयाचा विचार करा. माझ्या पत्नीचे गुडघे दुखरे. तिच्यासाठी झेगृबेची गच्ची पुरेशी होती. खाली आख्खं इन्सब्रुक, नदीची रेघ, समोर दक्षिणेचे डोंगर आणि हातात गरम कॉफी. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, वर हळू चाला, गरम कपडे उन्हाळ्यातही न्या. हाफेलेकारच्या माथ्यापर्यंत वहिनी एकट्या जाऊन आल्या. तासाभरानं परतल्या. वर काय केलंत, हे आम्ही विचारलं नाही.

डोंगराचा दिवस मात्र आधीपासून पक्का करू नका. ‘फ्योन’ नावाचा एक वारा इथे दक्षिणेकडून ब्रेन्नर ओलांडून येतो. डोंगर उतरता उतरता तापतो. हवा इतकी स्वच्छ होते, की कडे हाताला लागतील असं वाटतं. लोक मात्र डोकेदुखीची तक्रार करतात, आणि जोर वाढला की केबल कार थांबवतात. रोज सकाळी हवामान पाहायचं, निवळ असेल तर डोंगर, नसेल तर संग्रहालय. तीन दिवसांचा मुक्काम यासाठीच हवा. दीड तासात डोंगर ढगात असला, तर तुम्ही इन्सब्रुक पाहिलंच नाही.

दक्षिणेच्या बेर्गिझेलवर स्की-उडीचा मनोरा आहे, तोही हदीद यांचा, २००२ सालचा. माथ्यावरून उडी मारणाऱ्याच्या अगदी समोर, खाली, एक दफनभूमी दिसते. टिरोली माणसाची विनोदबुद्धी काळीच असावी. इन्सब्रुकनं हिवाळी ऑलिंपिक दोनदा भरवलं. १९६४ साली ऐन वेळी बर्फच पडेना, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैन्यानं डोंगरातून बर्फाच्या वीस हजार लाद्या वाहून आणल्या. त्याच वर्षी जेरेमी बुयाकोव्स्की हा पोलिश वंशाचा खेळाडू भारताच्या वतीनं स्कीईंगमध्ये उतरला. हिवाळी ऑलिंपिकमधला तो भारताचा पहिला स्पर्धक. त्याची शर्यत पुरी झाली नाही, पण आपलं नाव त्या उतारावर पहिल्यांदा उमटलं ते इथे. १९७६चं यजमानपद अमेरिकेतल्या डेन्व्हरला मिळालं होतं. तिथल्या जनतेनं खर्चाला नकार दिला म्हणून ते इन्सब्रुककडे आलं. पुढे २०१७ साली पुन्हा बोली लावायची का, असं टिरोलच्या लोकांना विचारलं, तेव्हा त्यांनी मतदानानं नाही म्हटलं. सराईवाल्यांचं गाव शेवटी. बिल कुणाच्या नावावर पडणार, हे आधी विचारतं.

काय सोडायचं?

सहल आखताना काय पाहायचं याची यादी सगळे करतात. काय सोडायचं याची यादी करायला धीर लागतो. आम्ही वाटेन्सचं क्रिस्टल म्युझियम सोडलं. ते वाईट आहे म्हणून नव्हे. १९९५ साली उघडलेलं ते ठिकाण मुलांना, नातवंडांना फार आवडतं आणि कार्डातही येतं. पण त्या वेळात आम्ही सहा नंबरच्या ट्राममध्ये बसलो. ती रानातून डुलत डुलत इग्ल्स नावाच्या खेड्यात जाते. तिथे एका बाकावर बसून घरून नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पाव खाल्ला.

खाण्यापिण्याचं म्हणाल, तर शाकाहाऱ्याची उपासमार होत नाही. कणकेच्या बारीक गोळ्यांत चीज घालून वर तळलेला कांदा पसरलेला ‘केझेश्पेत्सले’ नावाचा पदार्थ पोटभरीचा. सफरचंदाचा श्ट्रुडेल गोड. सूपच्या बाबतीत मात्र विचारून घ्या, चीजच्या टिक्क्या घातलेल्या सूपचं पाणीही बहुधा गोमांसाचं असतं. नळाचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं. बाटल्या विकत घेऊ नका.

असे तीन दिवस. पहिला जुन्या गावाला आणि होफकिर्खेला. दुसरा आम्ब्रासला, दुपारनंतर इग्ल्सला. तिसरा डोंगराला, हवा खराब असेल तर दिवसांची अदलाबदल. हाल आणि श्वात्ससाठी चौथा मिळाला तर सोन्याहून पिवळं, आणि तिथे तर ते चांदीचंच आहे.

आपल्या पिढीनं पै पै जमवून हे प्रवास मांडले आहेत. फंडातले, ग्रॅच्युइटीतले, मुलांची शिक्षणं आणि लग्नं आटोपल्यावर उरलेले पैसे. तेव्हा दहा गावांच्या नावापुढे बरोबरच्या खुणा करण्यापेक्षा चार गावांत राहावं, असं मला वाटतं. मॅक्सिमिलियनकडे सगळं होतं, चांदी, छप्पर, चिलखती पुतळे. नव्हता तो फक्त एका रात्रीचा मुक्काम. तुम्हांआम्हांला तो चोख पैसे मोजून मिळतो. सकाळी निघताना आमच्या सराईवाल्या बाईंनी बिल पुढे केलं, मी ते नेहमीच्या सवयीनं दोनदा तपासलं आणि चुकतं केलं. मग तिघंही सामान ओढत स्टेशनकडे निघालो.